अ‍ॅनी ओकलीचं नाव

ऑगस्ट १९०३. शिकागोतल्या एका वृत्तपत्रात बातमी छापून येते: प्रख्यात नेमबाज अ‍ॅनी ओकली कोकेनपायी चोरी करताना पकडली गेली. पत्राचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट. तारेवरून बातमी देशभर जाते, आणि शहानिशा न करता डझनावारी पत्रं ती छापतात. पकडलेली बाई भलतीच होती. तिनं पोलिसांना हे नाव सांगितलं होतं, एवढंच.

खरी अ‍ॅनी १८६० साली ओहायोत जन्मली. वडील लवकर गेले, घरी अठराविश्वे दारिद्र्य. पोरीनं बंदूक उचलली, रानातली शिकार विकली आणि आईच्या शेतावरचं कर्ज फेडलं. १८८५ मध्ये ती बफेलो बिल या खेळवाल्याच्या ‘वाइल्ड वेस्ट’ या फिरत्या खेळात दाखल झाली. घोडदौड, बायसन या रानगव्यांचे कळप, लुटुपुटुच्या लढाया. अमेरिकेच्या पश्चिमेतली, वस्ती आणि रान यांमधली खरी सरहद्द पुसली जात होती, आणि तिचाच देखावा तिकीट लावून मैदानात उभा राहत होता. अ‍ॅनी त्या पश्चिमेत वाढलेलीही नव्हती. नेम मात्र अस्सल होता: खेळातला पत्ता कडेनं धरला तरी तिची गोळी तो दुभंगायची.

त्याच वर्षी लाकोटा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे प्रमुख सिटिंग बुल या खेळाबरोबर फिरले. आठवड्याला ५० डॉलर, शिवाय स्वतःचे फोटो आणि सह्या विकण्याचा हक्क, तोही करारात लिहून घेतलेला. ज्यांच्या लोकांची भूमी हिरावली गेली, त्यांनी निदान आपला चेहरा आपल्या हाती ठेवला. प्रसिद्धीची किंमत इतक्या लवकर ओळखणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. अ‍ॅनीला ते लेकीसारखं मानत.

पुढे १८८७ मध्ये लंडन, १८८९ मध्ये पॅरिस इथं अ‍ॅनीचे खेळ झाले, आणि १८९४ मध्ये एडिसनच्या कॅमेऱ्यानं तिची नेमबाजी टिपली.

एवढ्या कष्टानं कमावलेलं नाव त्या एका बातमीनं मातीत घातलं. अ‍ॅनीनं ५५ वृत्तपत्रांवर अब्रुनुकसानीचे दावे ठोकले. गावोगावच्या कोर्टांत स्वतः साक्षीला उभी राहिली. हर्स्ट यांनी तिच्या गावी गुप्तहेर धाडला. त्याच्या हाती काही लागलं नाही. १९१० पर्यंत ही लढाई चालली. ५४ दाव्यांत ती जिंकली किंवा समोरच्यांनी तडजोड केली. भरपाईची रक्कम खटल्यांच्या खर्चातच गेली. १९११ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, अ‍ॅनी ‘यंग बफेलो’ या नव्या खेळात पुन्हा बंदूक घेऊन उतरली.