ऐकू येतं ते पुन्हा दाखवायचं कशाला?

(माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर, त्यांनीच केलेलं गाणं दाखवून झाल्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो,

तुमचं गाणं आत्ता आपण मोठ्या पडद्यावर पाहिलं. चार मिनिटांचं आहे. अर्धं वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर घेतलंय, अर्धं तुमच्याच सभागृहात. त्यातल्या ओव्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीकडून आलेल्या आहेत, चाल तुम्ही लावलीत, वाजवलंतही तुम्हीच. शूटला मी तुमच्यासोबत होते आणि नंतर एडिटिंगच्या टेबलाशीही बसले. आज मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. गाणं कानावर पडत असताना चित्राने काय करायचं? मी संकलक आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. कानाला जे मिळालं आहे ते डोळ्याला पुन्हा देऊ नये. कानापर्यंत जे पोचूच शकत नाही, ते डोळ्याला द्यावं.

सुरुवात ठेक्यापासून करू. तुमच्या गाण्याची लय सॉफ्टवेअर मिनिटाला 100 ठोके अशी दाखवतं. आपण सेकंदाला 25 फ्रेमवर शूट केलं, म्हणजे एका ठोक्याला बरोबर 15 फ्रेम. केरवा तालाच्या आठ मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, अशा चार ठोक्यांत बसतं: 60 फ्रेम, 2.4 सेकंद. हिशेब इतका स्वच्छ जुळला, की टाइमलाइनवर प्रत्येक समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, खूण करून तिथे तिथे कापत जावं असं कुणालाही वाटेल. तुमच्या पहिल्या कच्च्या एडिटमध्ये तेच झालं होतं. चार मिनिटांत शंभरएक शॉट. पहिलं धृपद संपेपर्यंत ते पाहायला छान वाटतं. पहिल्या अंतऱ्याच्या मध्यावर मात्र पुढचा कट कधी येणार हे डोळ्याला कळून चुकलेलं असतं, आणि मग तो बघायचं थांबवतो.

मला यामागचं कारण असं वाटतं. सम ऐकणाऱ्याची असते. मैफलीत समेला मान हलते ती श्रोत्याची. आवर्तनभर तो नकळत मात्रा मोजत असतो, वाट बघत असतो आणि गाणाऱ्याच्या बरोबरीने समेवर पोचतो. ते पोचणं हाच त्याचा आनंद. कटने नेमकी तीच जागा अडवली, तर त्याच्यासाठी काही उरत नाही. म्हणून मी तुम्हाला खालीच्या, म्हणजे आवर्तनाच्या मधल्या हलक्या मात्रेच्या, आसपास कापायला सांगितलं होतं. पाचव्या मात्रेजवळ कट घेतला की नवा शॉट डोळ्यात बसायला अर्धं आवर्तन मिळतं आणि सम त्या शॉटच्या पोटात पडते. चेहरा तोच, चौकट तीच, आणि समेला मान हलते ती गाणारीची आणि बघणाऱ्याची, दोघांची मिळून.

समेवर कधीच कापू नये का? कापावं की. पहिल्यांदा धृपद उचललं जातं तिथे तुम्ही घाटाचा मोठा शॉट सरळ समेवर आणलात, तो मला फार आवडला. साऱ्या गाण्यात तसा एकच आहे, म्हणून तो लागतो.

आता ढोलकी. ढोलकीवर थाप पडली की ती ऐकू येतेच. पण थापेआधी हात वर उचललेला असतो, बोटं क्षणभर हवेत थांबतात, त्या वेळी आवाज नसतो. ती उचल कानाला कधीच मिळत नाही. तुमच्या कॅमेऱ्याने ती टिपली आहे आणि तुम्ही कट तिच्या आधी ठेवलात, त्यामुळे थाप पडताना दिसते. कट थापेवरच असता तर हात चामड्यावर टेकलेलाच दिसला असता. चार-पाच फ्रेमचाच हा फरक. पण गाणं कुणीतरी माणूस वाजवतोय हे त्या चार-पाच फ्रेममध्ये कळतं.

श्वासाचंही तसंच, आणि इथे थोडं मागे जायला हवं. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतः गात होते, साथीदार चौकटीच्या बाहेर बसलेले, आणि आवाज तिथेच मुद्रित होत होता. मधेच कापण्याची सोय फार थोडी. गाणारा माणूस त्यामुळे अखंड दिसत राहायचा. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या ‘धूप छाँव’साठी गाणं आधी मुद्रित करून ते सेटवर वाजवलं आणि नट ओठ हलवत गेले. आपण मेणवलीला केलं ते याच पद्धतीने. कॅमेरा यामुळे मोकळा झाला, हवा तिथे गेला, ही मोठीच कमाई होती. पण नुसते ओठ हलवणाऱ्या माणसाच्या मानेच्या शिरा फुगत नाहीत, खांदे उचलत नाहीत, ओळ संपताना छाती रिकामी होत नाही. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता आलं नाही तरी चेहरा सैल आहे हे त्याला जाणवतं.

म्हणून घाटावर मी तुमच्या गायिकेला सांगत होते, की स्पीकरवर गाणं वाजत असलं तरी तू खुल्या आवाजात गा, घसा बसेल इतकं नको, पण पूर्ण श्वास घेऊन गा. आणि ओळ सुरू होण्याआधीचा तिचा श्वास कापायचा नाही. मुद्रणात तो श्वास बहुतेक वेळा साफ केलेला असतो. तुमच्याही ट्रॅकमध्ये तो नाही. तो फक्त दिसतो. दुसऱ्या धृपदाआधी ती डोळे मिटून श्वास घेते, तेवढ्यानेच पुढच्या ओळीचं वजन वाढतं.

थोडं तांत्रिक बोलते, कारण हे चुकलं तर वरचं सगळं वाया जातं.

ओठ आणि आवाज किती सरकलेले चालतात? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याचे आकडे आहेत. आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद आधी आला की माणसाला ते जाणवू लागतं. आवाज मागे राहिला असेल तर मात्र 125 मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. आपल्या 25 फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज पुढे असेल तर सूट जेमतेम एका फ्रेमची, मागे असेल तर तीन फ्रेमची. हे असं का, ते घाटावर उभं राहिलं की समजतं. पलीकडच्या काठावर कुणी कपडे आपटत असेल तर हात आधी खाली येताना दिसतो, आवाज मागाहून येतो. जन्मापासून आपण हेच अनुभवत आलो आहोत. आवाज आधी आणि हात नंतर, असं निसर्गात होत नाही.

यातूनच स्पीकर कुठे ठेवायचा ते ठरतं. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात सुमारे 14 मीटर. लांबच्या शॉटला कॅमेरा गायिकेपासून 27 मीटरवर आहे असं धरा. स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवला तर गाणं तिच्यापर्यंत दोन फ्रेम उशिरा पोचणार, तिचे ओठही दोन फ्रेम उशिरा हलणार, आणि कॅमेऱ्याच्या माइकवरच्या आवाजाशी मूळ ट्रॅक जुळवला की पडद्यावर आवाज ओठांच्या पुढे धावणार. ते खटकतंच. स्पीकर तिच्या पायाशी ठेवला तर उलटं होतं. तिचे ओठ गाण्याबरोबर हलतात, कॅमेऱ्याच्या माइकला आवाज उशिरा मिळतो, जुळवल्यावर ओठ आवाजाच्या दोन फ्रेम पुढे राहतात, आणि तेवढं आपल्या डोळ्याला चालतं. वाऱ्यावर ओरडून मी तुम्हाला तो स्पीकर तीन पायऱ्या खाली न्यायला लावला, तो यासाठी.

सभागृहातल्या ट्यूबलाइटबद्दल फार सांगत नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, म्हणून 25 फ्रेम आणि 1/50 शटर: प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेते, त्यात बरोबर दोन लुकलुकी बसतात. सिनेमासारखं दिसावं म्हणून 24 फ्रेम आणि 1/48 शटर ठेवलं असतं तर पडद्यावर उजेडाचे पट्टे सरकताना दिसले असते. आणि तो पायऱ्या उतरतानाचा संथ शॉट, ज्यात ती हळू चालते पण ओठ गाण्याशी जुळतात, त्याची युक्ती पुढच्या बॅचला सांगा: कॅमेरा 50 फ्रेमवर, स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने, आणि नंतर चित्र 25 वर चालवायचं.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. ओवीत नदीचा उल्लेख आला की तुम्ही कृष्णेचं पाणी दाखवलंत, वाट म्हटलं की वाट, दार म्हटलं की वाड्याचं दार. सुटे सुटे ते शॉट सुंदर आहेत. पण आपल्याकडे श्रोता शब्द फार बारकाईने ऐकतो, आणि प्रत्येकाच्या मनात नदी ऐकल्याबरोबर त्याची स्वतःची नदी उभी राहते. कुणाची कोयना, कुणाची तेरेखोल. त्या शब्दावरच तुम्ही कृष्णा दाखवलीत की त्याची नदी पुसली जाते. तेच पाणी दोन ओळींनंतर, शब्दांमधल्या हार्मोनियमच्या तुकड्यावर दाखवा. तिथे ते गायिकेच्या मागून वाहतंय इतकंच वाटेल, आणि तेवढंच पुरे.

घाटावरच्या त्या मोठ्या घंटेचंही बोलायला हवं. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यानंतर पोर्तुगीजांकडच्या अनेक घंटा देशावर आल्या, त्यातली ही एक. नाना फडणवीसांच्या गावात ती आजही आहे, आणि मेणवलीला जाणारा प्रत्येक कॅमेरा तिच्याकडे वळतो. तुमचाही वळला. पण तुमच्या गाण्यात घंटेचा नाद कुठेच नाही. इतकी मोठी घंटा पडद्यावर आली की कान तिचा टोल शोधू लागतो, आणि पुढची दीड ओळ ऐकायची राहून जाते. सुरुवातीच्या जात्याचं याच्या उलट आहे. तिथे गाणं सुरूच झालेलं नाही, फक्त जात्याची घरघर आहे आणि खुंट्यावरचे दोन हात आहेत. चित्र आणि आवाज एकाच जागेचे आहेत, दोघं मिळून आपल्याला त्या घरात नेऊन बसवतात. ती घरघर पुढे ढोलकीत विरते, ते संकलन तुमच्यापैकी ज्याने केलं त्याला माझी मनापासून दाद.

एका मुलाने मघाशी विचारलं, की मॅडम, मोबाइलवर लोक थांबतच नाहीत, तीन सेकंदांत कट नसेल तर अंगठा पुढे सरकतो, मग एवढा वेळ एकाच चेहऱ्यावर कसं राहायचं? प्रश्न खरा आहे. माझं म्हणणं, मोबाइलसाठी वेगळं, उभं, छोटं रूप करा आणि ते मनापासून करा. आडव्या चौकटीतून उभी चौकट काढली की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश उरतो. त्यात गाणारी आणि वाजवणारा दोघं मावत नाहीत, कुणाला ठेवायचं ते निवडावं लागतं. अशा वेळी मी बहुधा ऐकणाऱ्याला निवडते. गाणारी कानात आहेच. तिचं गाणं ऐकून हार्मोनियमवाल्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते दुसरीकडून कुठून मिळणार? आणि अंगठा थांबायला तसा एक खरा चेहरा पुरतो, असं मी पाहिलं आहे.

अजून एक सांगायचं आहे, ते श्रेयनामावलीबद्दल. तुम्ही ‘ओव्या : पारंपरिक’ असं लिहिलंत. कायद्याच्या दृष्टीने त्यात अडचण नाही. पण हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवून ठेवलं. म्हणून आज ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ओवी वाचताना ती कुणाच्या तोंडची हेही कळतं. तुम्हाला ओव्या दिल्या त्या आजींचं नाव, गाव, त्यांना विचारून, पडद्यावर यायला हवं. चालकाराच्या आधी, पहिल्या ओळीत.

आणि आता काम. महोत्सवाला पाठवायची मुदत अजून आहे. दुसऱ्या अंतऱ्यात तुम्ही एकामागून एक शॉट बदलत गेलात. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या मूळ चित्रणात, त्याच अंतऱ्याचा सभागृहातला एक सलग टेक आहे. गायिका डावीकडे, हार्मोनियमवाला तिच्याकडे बघतोय, सुरांची पुढची जागा ती कशी घेणार याची वाट पाहतोय, आणि तिने ती वेगळीच घेतल्यावर त्याच्या तोंडावर हसू येतं. तुम्ही तो फोकस जरा मऊ आहे म्हणून बाजूला ठेवलात. अंतऱ्यातले सगळे कट काढा आणि तो टेक सलग लावून पाहा. ओठ सरकलेले वाटले तर चित्र एक फ्रेम आधी घ्या. सोमवारी दोन्ही रूपं एकापाठोपाठ लावू, आणि ज्यांनी हे गाणं आधी पाहिलेलं नाही अशा दोघा-चौघांना आत बोलावून बसवू.