परवाना मिळाला, गोळ्या कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

पेटंटमुळे औषध महाग पडत असेल, तर सरकार ‘सक्तीचा परवाना’ देऊन तेच औषध दुसऱ्या कंपनीकडून बनवून घेऊ शकतं. जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा बैठकीत २००१ साली हा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य झाला. प्रश्न उरला तो औषधांचे कारखानेच नसलेल्या देशांचा, कारण असा माल मुख्यतः परवाना देणाऱ्या देशातच विकायचा, असा नियम होता. ऑगस्ट २००३ मध्ये निर्यातीची वाट मोकळी झाली. निदान कागदावर.

त्या वाटेने रवांडाला कॅनडाहून एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी मिळाली. अपोटेक्स कंपनीच्या या गोळीला कॅनडाची मंजुरी २००६ मध्येच होती. पण कोणत्या देशाला किती माल, हे ठरल्याशिवाय परवाना नाही. रवांडाने २,६०,००० पाकिटांची गरज संघटनेला कळवली, तेव्हा जुलै २००७ उजाडला होता. मग पेटंटधारकांकडे रीतसर विचारणा, ती फसल्यावर कॅनडा सरकारकडे अर्ज. तो मात्र सप्टेंबरमध्ये पंधरवड्यात मंजूर झाला! पुढे रवांडाची सरकारी निविदा. शिवाय स्वस्त माल श्रीमंत बाजारात शिरू नये म्हणून गोळीवर आणि पाकिटावर वेगळी खूण. पहिला माल निघाला सप्टेंबर २००८ मध्ये. परवाना होता एकूण १ कोटी ५६ लाख गोळ्यांचा. दिवसाला दोन धरल्या तर साधारण एकवीस हजार रुग्णांना वर्षभर पुरतील एवढ्या. जास्त हव्या असतील, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. या कायद्याखाली परत हा उद्योग करणार नाही, असं कंपनीने सांगून टाकलं. तिला दोष देता येत नाही.

भाव पाडले ते खरं तर स्पर्धेने. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीचे वर्षभराचे तिहेरी उपचार, म्हणजे तीन औषधं मिळून, ३५० डॉलरला देऊ केले. बड्या कंपन्यांचा दर दहा हजारांच्या वर होता. भारत तेव्हा औषधाच्या रेणूला पेटंट देत नसे, म्हणून हे जमलं. २००५ पासून ती सोय गेली.

वाटाघाटीत वजन येतं ते पर्यायी पुरवठादार हाताशी असला तरच. ब्राझीलला इफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधावर पेटंटधारक मर्क कंपनीने तीस टक्के सूट देऊ केली होती. भारतातून माल स्वस्त मिळणार हे ठाऊक असल्याने ब्राझीलने ती नाकारली आणि मे २००७ मध्ये परवाना काढला.

बोलिव्हियाने २०२१ मध्ये कोविड लसीसाठी कॅनडाचीच वाट धरली. दीड कोटी डोसची गरज कळवली, बनवायला कॅनडातली एक कंपनीही तयार होती. पण असा परवाना कोणत्या औषधांना मिळू शकतो, त्याच्या कॅनडाच्या कायद्याला जोडलेल्या यादीत ती लस नव्हती, आणि सरकारने ती यादीत घातलीच नाही.