ऐकून पाहिलेली शर्यत : जिरो दि इटालिया

श्रोतेहो, नमस्कार. सायकलची शर्यत रस्त्याकडेला उभे राहून पाहणाऱ्याच्या वाट्याला फार थोडे येते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीसाठी आपल्यापैकी जे कोणी ठाण्याहून मुद्दाम खोपोलीला गेले असतील, त्यांना हे लगेच पटेल. उन्हात ताटकळत राहावे, दुरून मोटारसायकलींचा आवाज यावा, आणि सायकलपटूंचा घोळका वळणाआड जायला अर्धे मिनिटही लागू नये. घाटात पुढे कोण सरला, मागे कोण पडला, हे आपल्याला दुसरेच कोणीतरी सांगते. इटलीची राष्ट्रीय शर्यत ‘जिरो दि इटालिया’ तर जन्मालाच आली वर्तमानपत्राच्या पोटी, म्हणून तिचा इतिहास मला सांगणाऱ्यांच्या बाजूने सांगावासा वाटतो.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या ‘गॅझेटा देल्लो स्पोर्ट’ या क्रीडापत्राला कुणकुण लागली की, ‘कोरिएरे देल्ला सेरा’ हे बडे दैनिक देशभर फिरणारी सायकल शर्यत भरवण्याच्या बेतात आहे. तिजोरीत खडखडाट असतानाही गॅझेटाने घाईघाईने आपलीच शर्यत जाहीर करून टाकली आणि मग पैशांची जुळवाजुळव सुरू केली. गंमत अशी की, पुढे त्याच कोरिएरेने बक्षिसासाठी तीन हजार लिरा दिले.

१३ मे १९०९ रोजी पहाटे तीनच्या सुमारास १२७ सायकलपटू मिलानहून निघाले. आठ टप्प्यांत २,४४८ किलोमीटर कापायचे होते. मिलान ते बोलोन्या हा पहिलाच टप्पा ३९७ किलोमीटरचा होता, म्हणजे ठाण्याहून निघून कोल्हापूर ओलांडावे एवढा, आणि तोही त्या काळच्या धुळीच्या, खडबडीत रस्त्यांवरून, जड सायकलींवर. शेवटपर्यंत ४९ जणच टिकले. विजेता लुइजी गान्ना पेशाने गवंडी होता. आता कसे वाटते, असे विचारल्यावर त्याने एवढेच उत्तर दिले म्हणतात की, बूड फार जळते आहे! निकाल मात्र वेळेवर नव्हे, तर गुणांवर लावला होता. वेळ धरली असती, तर तिसरा आलेला जोव्हानी रोसिन्योली पहिला ठरला असता.

गॅझेटा गुलाबी कागदावर छापला जाई. १९३१ पासून आघाडीवरच्या सायकलपटूला गुलाबी जर्सी देण्याची प्रथा पडली, ती त्यामुळेच. जो पुढे, तो वर्तमानपत्राची धावती जाहिरात.

खप वाढवण्याच्या या हिशेबातून कधी भलतेच चांगले घडे. १९२४ साली पैशांच्या वादामुळे बड्या संघांनी शर्यतीकडे पाठ फिरवली, आणि रिकाम्या जागांत अल्फोन्सिना स्त्रादा या एकमेव स्त्रीला प्रवेश मिळाला. पेरुजाच्या टप्प्यात तिच्या सायकलचे हँडल मोडले, तेव्हा तिने झाडूचा दांडा बसवून वाट पुरी केली. वेळेची मर्यादा उलटल्यामुळे निकालातून तिचे नाव गेले, पण लोकांना तिच्याबद्दल वाचायचे होते, हे ओळखून आयोजकांनी तिला पुढे धावू दिले, आणि ती मिलानपर्यंत पोहोचली.

१९४० ची शर्यत वीस वर्षांच्या फाउस्तो कोप्पीने ९ जूनला जिंकली. दुसऱ्याच दिवशी इटलीने युद्ध पुकारले. १९४१ ते १९४५ शर्यत झाली नाही. १९४६ मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा दोस्तराष्ट्रांच्या ताब्यातील, इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्या वादात सापडलेल्या त्रिएस्ते शहराकडे जाताना तिच्यावर दगडफेक झाली, तरीही काही सायकलपटू त्रिएस्तेत गेले आणि त्या टप्प्यात गावचाच जोर्दानो कोत्तुर पहिला आला.

आता आकाशवाणीच्या माणसाला सर्वांत जवळचा वाटणारा दिवस : १० जून १९४९, कुनेओ ते पिनेरोलो. अंतर २५४ किलोमीटर, वाटेत आल्प्समधल्या पाच खिंडी. कोप्पी पहिल्याच चढावर सुटला आणि उरलेले १९२ किलोमीटर एकटाच धावला. त्या दिवशी मारिओ फेरेत्ती या निवेदकाने रेडिओवरून जे सांगितले, त्याचा आशय असा : एक माणूस एकटाच पुढे आहे, त्याची जर्सी पांढरी-आकाशी आहे, त्याचे नाव फाउस्तो कोप्पी. घाटातला तो एकटा माणूस इटलीने पाहिला तो या वाक्यांतून. दुसरा आलेला जिनो बार्ताली ११ मिनिटे ५२ सेकंद मागे होता. कोप्पीने ती शर्यत जिंकली, आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सची अशीच मोठी शर्यत ‘टूर द फ्रान्स’ही. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा तो पहिला सायकलपटू.