खेळ चालू ठेवणारी माणसं

[दृश्य: संग्रहालयाचं मोठं दालन. छताला टांगलेली विमानं. खाली खोकी, पिशव्या, पाठीवरच्या सॅका घेऊन आत येणारी माणसं.]

न्यूयॉर्क शहराला लागून, पूर्वेकडे समुद्रात लांबवर गेलेलं एक बेट आहे. लाँग आयलंड. या बेटावरच्या गार्डन सिटीत, मिचेल फील्ड नावाच्या जुन्या लष्करी विमानतळाच्या जागेवर 'क्रेडल ऑफ एव्हिएशन' हे विमानविद्येचं संग्रहालय आहे. एरवी इथं शाळांच्या सहली येतात. पण २०१५ साली सुरू झालेला 'लाँग आयलंड रेट्रो गेमिंग एक्स्पो' भरतो तेव्हा विमानांच्या खाली टेबलं मांडली जातात, आणि टेबलांवर जुने व्हिडिओ गेम. अटारी, निन्टेन्डो, सेगा या कंपन्यांचे. काही विकायला, पण बरेचसे खेळायला ठेवलेले.

याच संग्रहालयात चंद्रावर उतरण्यासाठी बांधलेलं एक खरंखुरं यान आहे. एलएम-१३. अपोलो मोहिमांची चंद्रावर उतरणारी सगळी यानं जवळच्याच बेथपेज गावी, ग्रुमन कंपनीत तयार झाली. पुढच्या मोहिमा रद्द झाल्या आणि हे यान जमिनीवरच राहिलं. अटारीनं १९७९ साली 'लुनार लँडर' नावाचा खेळ काढला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं यान, हाताशी एक दांडा, आणि इंधन संपायच्या आत अलगद उतरायचं. माणसानं चंद्रावर पाऊल ठेवून तेव्हा जेमतेम १० वर्षं झाली होती.

पण लाँग आयलंडचं आणि व्हिडिओ गेमचं नातं त्याहून जुनं आहे.

[दृश्य: बेटाचा नकाशा. गार्डन सिटीहून पूर्वेकडे सरकत अप्टन.]

याच बेटावर, अप्टन इथं ब्रुकहेव्हन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अणुविज्ञानाची. दर वर्षी तिथं सामान्य लोकांना प्रयोगशाळा बघायला बोलवायचे. तक्ते, छायाचित्रं, काचेमागची यंत्रं, सगळं नुसतं बघायचं. उपकरण विभागाचे प्रमुख विल्यम हिगिनबॉथम यांना ते कंटाळवाणं वाटायचं. विभागात एक छोटा ॲनालॉग संगणक होता. हवेत फेकलेली वस्तू कुठल्या वाटेनं जाईल, चेंडू कसा उसळेल, हे त्यावर कसं काढायचं याची माहिती त्याच्या पुस्तिकेतच होती. हिगिनबॉथमनी त्यावरून टेनिसचा खेळ आखला. रॉबर्ट ड्वोरॅक या तंत्रज्ञानं तो जोडून उभा केला. ऑक्टोबर १९५८ मध्ये, ५ इंची गोल पडद्याच्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचे तरंग दाखवणाऱ्या यंत्रावर, लोक टेनिस खेळले. खाली एक आडवी रेघ, मध्ये उभी छोटी रेघ म्हणजे जाळी, आणि एक उजळ ठिपका. हातात एक डबी. डबीवरच्या गोल खुंटीनं फटक्याचा कोन ठरवायचा, बटण दाबलं की फटका. शेकडो माणसं रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षी पडदा मोठा केला, आणि चेंडू चंद्रावर किंवा गुरूवर कसा पडेल तेही खेळून बघता येऊ लागलं.

त्यानंतर तो खेळ मोडला. संगणक आणि ऑसिलोस्कोप दुसऱ्या कामाला हवे होते. हे जपून ठेवायला हवं असं कुणाला वाटलं नाही. त्यात कुणाची चूक म्हणता येणार नाही, त्यांच्या लेखी ती लोकांसाठी केलेली दोन दिवसांची करमणूक होती. १९९७ साली प्रयोगशाळेच्या पन्नाशीनिमित्त तो खेळ जुन्या आराखड्यांवरून पुन्हा बांधायला घेतला.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा झालं आहे. बनवणारे पुढच्या कामाला लागतात. दुकानं माल बदलतात. मागे जे उरतं ते अशा दालनांमध्ये जमणारी माणसं उचलतात, पुसतात, दुरुस्त करतात आणि परत चालू करतात. माझं म्हणणं आहे की व्हिडिओ गेमचा इतिहास आज आपल्या हातात आहे तो मुख्यतः या लोकांमुळे.

[दृश्य: विक्रेत्यांची टेबलं. कॅसेटींच्या रांगांवरून फिरणारी बोटं.]

मेळ्यात नवखा माणूस आधी किमती बघतो. मुरलेला संग्राहक कॅसेट उलटी करतो. मागचे स्क्रू बघतो, खालच्या फटीतून सर्किटकडे बघतो. गेम बॉय ॲडव्हान्स या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या पोकेमॉन कॅसेटी हल्ली इतक्या नकली मिळतात की ही सवय लागतेच. खऱ्या कॅसेटच्या सोनेरी पिनांच्या वर, बारीक फटीत, निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं. लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात. ते शाईचे नसतात. लेबल उजेडात तिरकं धरलं तरच दिसतात. विक्रेता चांगला असेल तर तो स्वतःच स्क्रू काढून आतलं सर्किट दाखवतो. अशा विक्रेत्याकडून दोन पैसे जास्त देऊन घ्यावं, हे माझं मत.

स्क्रूंवरून आठवलं, गेम बॉय ॲडव्हान्सच्या आधीच्या निन्टेन्डोच्या बहुतेक कॅसेटी साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडत नाहीत. त्याला ३.८ मिलिमीटरचं खास पान्यासारखं टोक लागतं. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाकडे ते असतंच.

एका टेबलावर 'द लीजंड ऑफ झेल्डा'ची सोनेरी कॅसेट उघडली जात आहे. अमेरिकेत ती १९८७ साली आली. खेळ अर्धा सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे खेळता यावं म्हणून तिच्यात बॅटरी बसवलेली होती. घड्याळाच्या सेलसारखीच चपटी, गोल, पण सर्किटला डाग देऊन पक्की केलेली. त्या बॅटरीवर एक छोटी मेमरी चिप जिवंत राहते आणि त्या चिपमध्ये खेळणाऱ्याची प्रगती साठवलेली असते. बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं. गंमत म्हणजे यातल्या काही बॅटऱ्या ३० वर्षांनंतरही चालतात. जुनी कॅसेट विकत घेऊन लावावी, तर पडद्यावर भलत्याच मुलाचं नाव येतं. ८ अक्षरांत मावेल तेवढं. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी सुट्टीत त्यानं किती तलवारी मिळवल्या, किती वेळा मेला, सगळा हिशेब तिथं शाबूत असतो.

बॅटरी बदलायची तर हा हिशेब जातो. म्हणून जाणकार मंडळी आधी कॅसेट एका छोट्या यंत्रात घालून संगणकाला जोडतात, साठवलेलं सगळं उतरवून घेतात, मग जुनी बॅटरी काढतात, नवी बसवतात, आणि तो अनोळखी मुलाचा खेळ परत कॅसेटमध्ये भरून ठेवतात. कुणी मागितलेलं नसतं. त्याचे पैसेही मिळत नाहीत. हे काम जवळून बघताना मला या छंदाबद्दल खरा आदर वाटला.

[दृश्य: काचेचा जाड टीव्ही. हातात केशरी बंदूक.]

कोपऱ्यात जुन्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही रांगेनं मांडलेत. दोन माणसांनी उचलावा इतका एकेक जड. आजच्या सपाट टीव्हीवर हे खेळ लावता येतात, मग एवढी हमाली का? उत्तर 'डक हंट'मध्ये आहे. बदकांवर बंदूक रोखून घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. उजेड दिसला तर नेम लागला. बंदूक काहीच सोडत नाही, ती फक्त बघते. आणि ती बघते ते जुन्या ट्यूबचा किरण पडदा रंगवत जातो त्या नेमक्या वेळेला. एलसीडी पडदा चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात वेळ निघून जाते. म्हणजे बंदूक, कॅसेट, यंत्र सगळं धड असून टीव्ही गेला, तर खेळही गेला. आणि असे टीव्ही आता कुणी बनवत नाही. मेळ्यातले हे टीव्ही कुणीतरी रस्त्याकडेला टाकलेले उचलून आणलेले, आतली धूळ काढून, कपॅसिटर बदलून चालते केलेले असतात.

प्लास्टिकचंही तसंच आहे. जुनी यंत्रं पिवळी पडतात. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं मिसळायचे. ऊन आणि उष्णता यांनी रंग बदलतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरेपणा परत येतो, पण तो टिकेलच असं नाही, आणि जपून केलं नाही तर डाग पडतात. मी पिवळं यंत्र पिवळंच ठेवीन.

[दृश्य: ॲक्रिलिकच्या पेटीत बंद केलेला खेळ. पेटीवर गुणांक.]

आता पैशाबद्दल. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा खेळ दुर्मीळ नाही. जगभर त्याच्या १ कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. किंमत होती ती न उघडलेल्या वेष्टनाची. अशा प्रती तपासून, गुण देऊन, पारदर्शक पेटीत कायमच्या बंद करतात. पेटी फोडली की गुण गेले, किंमत गेली. कोरं वेष्टन कसं होतं याची नोंद म्हणून अशा काही प्रती राहाव्यात, हे मला पटतं. पण या आकड्यांनी साध्या, खेळायच्या प्रतींचेही भाव चढवले, आणि शाळकरी मुलांच्या हातातून त्या गेल्या, याचं वाईट वाटतं. म्हणूनच मेळ्यातला मोफत खेळण्याचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तिथं १० वर्षांची मुलगी ४० वर्षांपूर्वीच्या यंत्रासमोर बसते आणि बाजूचा अनोळखी माणूस तिला दुसरा कंट्रोलर घेऊन साथ देतो.

याला दुसरीही बाजू आहे. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'नं २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठंच रीतसर विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांना घरबसल्या वापरायला देता यावेत, अशी मागणी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ती फेटाळली. त्यामुळे बहुतेक खेळ घरी रीतसर खेळायचे तर आज एकच रस्ता उरतो, जुनी कॅसेट आणि जुनं यंत्र.

[दृश्य: दोन कॅसेटी शेजारी. एक मोठी, राखाडी. एक छोटी, पिवळी.]

इथवर आलेल्या मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट खटकली असेल. ही अमेरिकी कॅसेट आपण लहानपणी पाहिलेल्या कॅसेटीपेक्षा बरीच मोठी आहे. आपल्याकडे आलेली बहुतेक यंत्रं फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या नकला होत्या. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, अमेरिकी निन्टेन्डोला ७२. एका यंत्राची कॅसेट दुसऱ्यात बसत नाही. पण अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काही 'जायरोमाइट' कॅसेटींमध्ये कंपनीनं चक्क जपानी सर्किट घालून पुढं एक जोडपट्टी लावली होती. वजनाला त्या किंचित जड लागतात. संग्राहक अशा कॅसेटी हातात तोलून शोधतात, आणि आतली जोडपट्टी काढून घेतात. ती लावली की पुण्या-नागपुरातल्या बाजारात घेतलेली पिवळी कॅसेटसुद्धा लाँग आयलंडच्या निन्टेन्डोला जोडता येते.

आपल्याकडे नकलाच का चालल्या, याला कारण आहे. सेगानं १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीबरोबर भारतात शिरकाव केला. आयात कर ८० टक्के, यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या वेळच्या किती घरांना ती झेपणार होती? म्हणून मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर ही नकली यंत्रं. म्हणून '९९९९९९ इन १' लिहिलेल्या कॅसेटी, ज्यात तेच पाच-सहा खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. म्हणून नाक्यावरच्या पार्लरमध्ये तासाच्या भाड्यानं खेळलेला 'कॉन्ट्रा'. आपला व्हिडिओ गेमचा इतिहास हा आहे, आणि तो जपानी किंवा अमेरिकी इतिहासापेक्षा कमी महत्त्वाचा मुळीच नाही. पण ती यंत्रं अस्सल नाहीत म्हणून परदेशी संग्राहकांपैकी फार थोड्यांना त्यांत रस आहे. ती आपणच जपायची आहेत.

तेव्हा माळ्यावर असं खोकं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. यंत्र बंद पडलेलं असलं तरी चालेल. खोकं, थर्मोकोल, हमीपत्र, दुकानाच्या शिक्क्याची पावती, सगळं एकत्र ठेवा. कुठल्या गावात, कुठल्या साली, किती रुपयांना घेतलं ते त्याच पावतीवर असतं. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. मेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापसाचा बोळा त्यात भिजवून पिना पुसा, वाळू द्या, मगच लावा. अडॅप्टर तीस वर्षांचा असेल तर आधी माहीतगार माणसाकडून तपासून घ्या. आणि त्याच खोक्यात ब्रिक गेम सापडला, तर त्यातले पेन्सिल सेल आजच काढा.