नाव नसलेल्या गोट्या

[मटण स्ट्रीट, सकाळची वेळ. उघडी पत्र्याची पेटी.]

हिरव्या रंगाची पेटी. आत सतरा गोट्या (नटावर बसवायचे सॉकेट), एक रॅचेट (त्या फिरवायचा, एकाच दिशेनं अडकणारा दांडा), एक एक्स्टेन्शन (लांबी वाढवायची कांडी). कंपनीचं नाव कुठेच नाही, तेच शोधायचंय. विकणारा सांगतो, ‘इंग्लंडचा माल’. चोर बाजारात सगळाच जुना माल इंग्लंडचा असतो.

आधी पेटी बाजूला ठेवायची. पेटी एका घरची आणि गोट्या चार घरच्या, हा इथला नेहमीचा प्रकार. गोट्या, रॅचेट बसायचं चौकोनी भोक वर करून, एका रांगेत उभ्या करा. कडेचा उतार, अंगावरचा खरखरीत पट्टा, खांद्याचा वळसा सारखा आहे का, ते पाहा. उपरी गोटी लगेच डोळ्यात भरते. तिला वेगळी ठेवायची, नाहीतर पुढची सगळी मापं तीच बिघडवते.

[ट्रेमध्ये रॉकेल, नायलॉनचा ब्रश.]

आता सफाई. मुंबईच्या खाऱ्या हवेत जुन्या पोलादाला गंज असणारच. गोट्या रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून सकाळी नायलॉनच्या ब्रशनं घासा. व्हिनेगर नको, मळकट करडा मुलामा कॅडमियमचा असला तर तो त्यात विरघळतो. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तर नकोच. कॅडमियमची धूळ विषारी असते, आणि आपण जे शोधतोय ते पुसट अक्षर घासण्यात कायमचं जातं. क्रोमचा मुलामा निळसर, निकेलचा किंचित पिवळसर. क्रोम बाजारात रुळलं ते १९२०च्या दशकाच्या शेवटी, म्हणून मुळात निकेलचा असलेला सेट बहुधा त्याच्या आसपासचा किंवा आधीचा.

गोटी सुकली की तिच्यावर पांढरा खडू चोळा, बोटानं पुसा आणि टॉर्च आडवा धरा. ठशात खडू उरतो.

[क्लोज-अप: खडू भरलेली अक्षरं.]

इथे मात्र फसायला होतं. ही अक्षरं वाकडीतिकडी आहेत, एक खोल तर दुसरं उथळ. म्हणजे हातोडीनं एकेक ठोकलेली. ती मालकाची खूण, बनवणाऱ्याची नव्हे. तरी टाकाऊ नाही. ‘जी.आय.पी.’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) असेल तर रेल्वेचा माल, आणि ५ नोव्हेंबर १९५१ला जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली, म्हणून खरेदी बहुधा त्याआधीची. कंपनीचा ठसा एकसारख्या खोलीचा असतो आणि गोटीच्या गोलाईबरोबर वळतो.

आता व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचा कॅलिपर. आधी चौकोन मोजा. अर्धा इंची, म्हणजे आपल्या चार सुती ड्राइव्हला (त्या चौकोनाला) १२.७ मिलिमीटर. चौकोन ११.१ भरला तर तो सात सोळांश इंची. ब्लॅकहॉकसारख्या अमेरिकी कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तो वापरला. मग नटावर बसणाऱ्या तोंडाची मापं, समोरासमोरच्या सपाट बाजूंमधली. नटाची मापं १३.३, १५.२, १८, २०.८, २३.४ अशी चढत गेली की व्हिटवर्थ (जुनी इंग्रजी मापं), ११.१, १२.७, १४.३, १५.९ अशी गेली की अमेरिकी इंची. गोटी नटापेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर सैल असते, तेवढं सोडून द्या. एकाच गोटीवर निकाल लावू नका: पाव इंची व्हिटवर्थ (पाव इंच ही बोल्टची जाडी, नटाची नव्हे) आणि १३ मिलिमीटर यांत फरक जेमतेम तीन दशांशाचा, आणि वापरून झिजलेलं तोंड तेवढं सहज खातं.

[गोटीच्या पोटात टॉर्च.]

आता पोटात बघा, खरी ओळख तिथेच. ड्रिलनं भोक पाडून ब्रोचनं (दातेरी कापणीच्या हत्यारानं) कोपरे काढले असतील, तर कोपऱ्यांच्या तळाशी एक गोल खोबण दिसते. कापलेला चुरा मावायला ती ठेवावी लागते. साच्यात दाबून घडवलेल्या गोटीत ती नसते, कोपरे अलगद तळाला मिळतात. खोबणीची रुंदी, तोंडाची खोली, आणि दुसऱ्या टोकाला चौकोनाच्या भिंतीत रॅचेटची स्प्रिंगवाली गोळी अडकायला खळगा आहे, खोबण आहे की आरपार भोक, हे लिहून ठेवा. एका कारखान्याची ही सवय सहसा सगळ्या मापांत तीच राहते.

रॅचेटला शेवटी हात लावायचा, कारण तेच सगळ्यात आधी बिघडतं आणि बदललं जातं. एका पूर्ण फेरीतल्या ‘कट-कट’ मोजा, दातांची संख्या कळते. मागची तबकडी स्क्रूंनी बसवलीय की सर्क्लिपनं (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीनं), तेही पाहा. डोक्यावर गोटी सोडायचं बटण असेल तर रॅचेट साधारण १९६५नंतरचं.

हे सगळं एका पानावर मांडून जुन्या कॅटलॉगमधल्या चित्रांशी ताडायचं. दिसण्यावर भुलायचं नाही: फरीदाबादच्या झालानी या हत्यारांच्या कंपनीची सुरुवातच जर्मन गेडोर कंपनीच्या सहकार्यानं झाली, तेव्हा गेडोरसारखी गोटी जर्मनीचीच असेल असं नाही. शिवाय एकाच कारखान्यानं दुसऱ्यांच्या दुकानासाठी बिननावाचा माल पुरवणं जुनंच आहे.

[पेटीचं झाकण. आत चिकटवलेली चिठ्ठी.]

म्हणून चिठ्ठीवर लिहिताना ‘ठसा सापडला’, ‘पाच खुणा जुळल्या’ आणि ‘नुसती शंका’ हे तीन रकाने वेगळे ठेवा. उपऱ्या गोट्या वेगळ्या डब्यात. त्यांचं घरही कधीतरी सापडेल. पेन्सिलनं लिहा, बॉलपेनची शाई रॉकेलमध्ये पसरू शकते.