पहिल्या पत्रात वंशावळ पाठवू नये

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘दुरावलेल्या नातेवाइकांना पहिलं पत्र कसं लिहावं’. त्यावर येतेच. आधी एका फोटोची गोष्ट. ज्यांनी ती माझ्याकडून ऐकली आहे त्यांनी खुशाल चहाच्या रांगेत जावं.

आपण बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली झालो, हे तुम्हाला पाठ आहे. माझे आजोबा हेच दर पाहुण्याला पहिल्यापासून सांगत आणि दर वेळी गलबतातली माणसं थोडी वाढत. (हसू नका, तुमच्याही घरात वाढतात.)

तर आजोबांची धाकटी बहीण १९५०च्या दशकात नवऱ्याबरोबर आणि मुलीबरोबर इस्राएलला गेली. १९६२ साली त्या मुलीचं लग्न ठरलं आणि नेमका त्याच वर्षी तिथल्या रब्बींचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचा, आदेश निघाला. बेने इस्राएलांपैकी कुणाला समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आईकडची वंशावळ जितकी मागे जाता येईल तितकी तपासा. मुलगा होता बगदादी ज्यू घरातला. बहिणीनं भावाला लिहिलं, ‘भाऊ, आईच्या आईपर्यंत दोन ओळी लिहून पाठव, सही कर.’

आजोबा भडकले. ‘आमचे बापजादे शनिवार पाळत आले, एकानंही शेमाची प्रार्थना टाकली नाही, आणि आता दाखला?’ तुमच्यातले वयस्कर मान डोलावतायत, म्हणजे हे वाक्य तुमच्याही घरात झालंय. राग खराच होता. जेरुसलेममध्ये आपल्या लोकांनी निदर्शनं केली, ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला, तेव्हा कुठे आदेशातून आपलं नाव गेलं. पण आजोबांनी राग धरला रब्बींवर आणि उत्तर दिलं नाही बहिणीला. मुलीचं लग्न दोन वर्षं रखडलं. पत्रं थांबली ती थांबलीच.

आजोबा गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या उत्तराचे चार कच्चे खर्डे सापडले. चारही एकाच ठिकाणी अडलेले, ‘आमच्या आईची आई...’ पुढे काही नाही. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती काळ्या इस्राएलांतली, अशी कुजबुज होती.

आता इथे जरा थांबते, कारण हे आपण जाहीरपणे बोलत नाही. गोरे इस्राएल, काळे इस्राएल. रोटी नाही, बेटी नाही, मशिदीत (म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये) मागची जागा. कारण काय, तर कुण्या काळी एखाद्या पणज्याची बायको बाहेरची होती. रब्बींनी १९६२ मध्ये आपल्याला जो प्रश्न विचारला, तोच आपण कोकणात पिढ्यान् पिढ्या एकमेकांना विचारत होतो. आजोबांना खोटं लिहवेना आणि खरं लिहायला हात वळेना.

मग मी काय शहाणपणा केला? बहिणीच्या त्या मुलीचा, म्हणजे माझ्या आत्याचा, पत्ता मिळवला आणि अकरा पानी पत्र लिहिलं. माफी मागितली, इतिहास सांगितला आणि सोबत वंशावळ जोडली. रंगीत! ज्या कागदापायी नातं तुटलं, तोच कागद मी बाईला नीट छापून पाठवला. दोन वर्षं उत्तर नाही.

शेवटी अलिबागच्या अंगणातला एक जुना फोटो पाठवला. मागे एकच ओळ, ‘फ्रॉक घालून रडतेय ती मुलगी कोण?’ तीन आठवड्यांत उत्तर, मोडक्या मराठीत: ‘ती मुलगी नव्हे, तुजा बाप. फ्रॉक माजा. परत दिला नाही.’

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मग भराभर सांगते.

शोधताना नुसत्या ‘-कर’ आडनावावर विसंबू नका, तिकडे काहींनी नावं हिब्रू केली आहेत. कबरस्तानातले दगड वाचा, मशिदीतल्या लग्नाच्या नोंदी बघा, इस्राएलातल्या लोद-अश्दोदच्या आपल्या म्हाताऱ्यांना गावाचं नाव सांगून विचारा. पत्र मराठीत लिहा. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघायचं, म्हणजे वाचणारे होते आणि आहेत. एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे.

आणि पहिल्या पत्रात माफी नको, हे माझं खरं म्हणणं, ज्याला अर्धा तास हवा होता. किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आपले जुने लोक दारफाळणीचा सण म्हणत. दिवसभर दार लावून उपास. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी लोकांकडे नुसतं जायचं, गरिबाला काही द्यायचं. पहिलं पत्र त्या शिळ्या सणासारखं असावं. माफी मागितली की ऐंशीच्या पुढच्या माणसाला ‘दिली’ म्हणावंच लागतं, ही जबरदस्तीच झाली. उत्तर आलं नाही तर वर्षभर थांबा. आलं तर लगेच भांडण उकरू नका. लग्न, जमीन, दाखला हे शब्द तर—

हो, संपवतेच. मागून विचारतायत, ते चार खर्डे आत्याला दाखवले का? नाही. ट्रंकेतच आहेत. मागच्या महिन्यात तिनं फोनवर आपणहून विचारलं, ‘भाऊमामाचं अक्षर कसं होतं गं?’ मी म्हटलं, सुरेख. ती म्हणाली, मला तर फक्त पाकिटावरचंच आठवतं.