फेरीतून उतरताना बंद पडणारी गाडी

(गोव्यातल्या डिचोलीत गाडीमालक आणि नवे मेकॅनिक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यातले निम्मे तरी चोडणच्या फेरीबोटीने पणजीला जाणारे आहात, त्यामुळे या दुखण्याची ओळख करून द्यायची गरज नाही. सकाळी घरी गाडी एका सेल्फला लागते. चोडणच्या धक्क्यावर रांगेत बंद केली, फेरीत चढवली, पुन्हा बंद केली. पलीकडे रॅम्प खाली आला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, की चालू होते, दोन सेकंद फुरफुरते आणि मरते. तीन-चारदा सेल्फ मारून, रेस देऊन कशीबशी निघते. गॅरेजात नेलीत तर तिथे उभी राहून तपासायची वेळ येईपर्यंत थंड झालेली असते. मग मेकॅनिक म्हणतो, "काही नाही हो, बरी चालतेय."

त्याचंही खोटं नसतं. थंड गाडीत हा दोष दिसतच नाही.

इंजिन बंद केलं की ते निवायला लागतं असं आपण धरून चालतो. इंजिन स्वतः निवतं, पण हळूहळू. बॉनेटखाली मात्र उलटंच घडतं. पाण्याचा पंप थांबलेला, समोरचा वारा थांबलेला, आणि तापलेल्या लोखंडाची धग पेट्रोलच्या नळ्या, सेन्सर, वायरी यांच्यावर येते. पहिली दहा-वीस मिनिटं तिथली उष्णता चढतच असते. फेरीची रांग आणि नदी ओलांडायची वेळ मिळून नेमकी तेवढीच होते. परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या, जमान्यात हे रोजचंच होतं. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, अनेकांची मिसळ; त्यातले हलके अंश ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. अनमोड घाट चढून आलेली अॅम्बॅसिडर चहाला थांबली की ड्रायव्हर बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचा, ते याचसाठी. नळीत वाफ झाली तर इंजिन उपाशी मरतं. पण कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात, सांडलं, तर इंजिन अजीर्णाने मरतं. तेव्हा पेडल तळाला दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा. सारखं दाबायचं-सोडायचं नाही, दर दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. हा फरक न कळल्यामुळे किती बॅटऱ्या उतरल्या असतील, देव जाणे.

इंजेक्शनच्या गाड्यांत, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो अशा नव्या गाड्यांत, पेट्रोल साधारण तीन बार दाबाखाली असतं. दाबाखाली ते सहजी उकळत नाही. बंद गाडीत तो दाब टिकला नाही, पंपाचा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळत असला, तर जुनं दुखणं नव्या रूपात परत येतं. इथेनॉलबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. थोडं इथेनॉल मिसळलं की पेट्रोलची वाफ होण्याची ओढ किंचित वाढते, हे खरं. पण सगळी पापं त्याच्याच माथी मारू नका.

नव्या मुलांना मी आधी एवढंच विचारायला सांगतो: गाडी लागतच नाही, की लागून मरते? नुसता सेल्फ फिरतो, एकही ठोका पडत नाही, आणि अर्ध्या तासाने आपोआप लागते, तर आधी क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरकडे, बघा. त्यातली बारीक तार गरम झाली की तुटते, थंड झाली की जुळते. लागून, काळा धूर सोडून मरते, तर जास्त पेट्रोल कुठून येतंय ते शोधा.

मयेच्या एका मास्तरांची गाडी आली ती चवथीच्या आधी. जुनी, बीएस-थ्री या धुराच्या जुन्या नियमांच्या काळातली. आधीच्या गॅरेजांत प्लग, बॅटरी, पेट्रोल पंप, सगळं बदलून झालेलं. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही. मी गाडी ठेवून घेतली नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला काय दिसतंय ते दाखवणारा स्कॅनर घेतला आणि मास्तरांच्या शेजारी बसून फेरीला गेलो. चोडणच्या धक्क्यावर गाडी मरली, तेव्हा पडद्यावर इंजिनातल्या पाण्याचं तापमान होतं २४ अंश. बॉनेटला हात लावला तर चटका बसला. सायबा, गोव्यात भर दुपारी २४ अंश!

गाडी बाजूला घेतली. पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटर लावला: तीनशे ओहमच्या थोडं वर. ८० अंशांच्या आसपास असंच हवं. २० अंशांना तो अडीच हजारांच्या आसपास दाखवतो. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. पण कनेक्टरच्या आत पिनेवर हिरवा कळंक चढलेला. खारी हवा, त्यात पावसाळा. त्या कळंकाने मधे आणखी दोनेक हजार ओहम घातले होते. कॉम्प्युटरला वाटे इंजिन थंड आहे, आणि तो गरम इंजिनात थंडीतलं पेट्रोल ओते. सकाळी इंजिन खरोखरच थंड, तेव्हा थोडं जास्त पेट्रोल गेलं तरी चालून जाई. आणि २४ अंश हा आकडा अशक्य नाही, म्हणून दिवाही लागला नाही. तार पूर्ण तुटली असती तर लागला असता.

मास्तर मला येतानाच सांगत होते, "भाऊ, बाकी काही म्हणा, ही गाडी तापत मात्र नाही. काटा कधी वरच येत नाही." त्या गाडीत काट्याला खबर त्याच सेन्सरकडून जाते. तिथेच मी कान टवकारायला हवे होते, फेरीपर्यंत जायचीही गरज नव्हती. पंखाही नीट लागत नसणार. एसी चालू असला की तो फिरतो, म्हणून इंजिन वाचलं.

पिना घासून भागण्यासारखं नव्हतं, कनेक्टरच बदलला. खर्च चहा-भज्यांएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मास्तरांचा फोन, आवाज घाबरलेला. गाडी फेरीतून एका सेल्फला निघाली होती, पण काटा मध्यावर येऊन थांबला होता. विचारत होते, "भाऊ, गाडी तापायला लागली काय?"